तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आमच्या नगरकडची माणसं बेळगावाकडे फारशी जात नाहीत. मीही गेलो नसतो. हवापालट करावी, किल्ला पाहावा, असं काही मनात नव्हतं. वडील वारले आणि जाण्यापूर्वी त्यांनी एका बाईंसाठी माझ्यापाशी एक प्रश्न ठेवला, म्हणून जावं लागलं. परतल्यावर शाळेतली आणि चर्चमधली मंडळी "तिकडे काय पाहिलंत?" असं विचारतात. कुणाला अर्धं सांगितलं, कुणाला टाळलं. आता एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

माझे वडील जन्माने जैन. निपाणीजवळच्या एका पाटील घरातले; नाव पायगोंडा. ऐन तरुणपणी मोठ्या दुखण्याने ते मिशनच्या दवाखान्यात कित्येक महिने पडून होते. तिथे त्यांनी शुभवर्तमान वाचलं. बरे झाल्यावर एकदाच घरी जाऊन आले आणि मग बाप्तिस्मा घेतला. पायगोंडाचे पौलस झाले. त्या वेळी त्यांचं लग्न झालेलं होतं. बायको त्यांच्यामागे आली नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बेळगावच्या कोर्टाने तिला बोलावून विचारलं, विचार करायला वर्षाची मुदत दिली आणि पुन्हा बोलावून तेच विचारलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. मग कोर्टाने लग्न मोडलं. वडील नगरला आले, मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि पुढे माझ्या आईशी त्यांचं लग्न झालं. हे सगळं आमच्या घरात ठाऊक होतं, पण त्यावर कधी बोलणं निघत नसे.

शेवटच्या आजारात मात्र वडील बोलले. "तिला सासरच्यांनी बोलू दिलं नाही रे. कोर्टात माझा धाकटा भाऊ तिच्या शेजारी बसला होता. तिच्या मनात यायचं होतं, मला माहीत आहे. तू जा. तिला एकटीला गाठ आणि एकदा विचार, अजून प्रभूकडे येतेस का. आणि मी गेलो तेही सांग."

आई त्यांच्या पायथ्याशी बसली होती. तिने हे ऐकलं, त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि उठून आत गेली.

बेळगाव

लढाईचे दिवस. गाड्या शिपायांनी भरलेल्या. मिरजेहून पुढे डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली, एवढंच प्रवासाबद्दल सांगतो. बेळगावाला उतरलो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो रंग. आमच्याकडची माती काळी. इथे रस्ता, भिंती, झाडांची खालची पानं, टांग्याच्या घोड्याचे पाय, सगळं तांबडं. घरं जांभ्या दगडाची, वर कौलं. दुकानांवरच्या पाट्या मराठीत आणि कानडीत. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करत होता आणि त्याच दमात दुसऱ्याला कानडीत रागे भरत होता.

कँपाच्या बाजूला एक वृद्ध पाळक राहत होते. वडिलांची आणि त्यांची ओळख जुनी. मी त्यांच्याकडे उतरलो. त्यांच्या बाईंनी कुंदा पुढे ठेवला. खरपूस आटवलेलं दूध, तोंडात रवाळ लागतं. मी आणखी मागून घेतला. दुखवट्यात गोड खाऊ नये असं आमच्यात काही नाही, तरी खाताना उगाच संकोच वाटला.

पाळकसाहेब कोर्टात वडिलांबरोबर गेले होते. मी विचारलं, तेव्हा त्यांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"लहानखुरी होती," ते म्हणाले. "इरकली लुगडं, पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. जज्जसाहेबांनी दुभाष्याकडून विचारलं, नवऱ्याने धर्म बदलला, तरी त्याच्याकडे जाशील का? तिने नुसती मान हलवली. तोंडातून शब्द नाही. साहेबांनी दोघांना एकांतात बोलायलाही वेळ दिला. तुमचे वडील बोलत होते, ती खाली बघत होती. वर्षाने आली तेव्हाही तसंच."

"तिच्यावर दडपण होतं, असं बाबा म्हणायचे."

"असेलच. दीर होता ना बरोबर. बायकांना कोण बोलू देतं? आत्म्याला ओढ असते, घरचे अडवतात. मी आयुष्यभर हेच पाहिलं." मग ते म्हणाले, "तिला भेटून आलात की कळवा. प्रार्थनेत तिचं नाव घेतच असतो मी."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

घाटाआधी

सकाळी निपाणीची सर्व्हिस मोटार पकडली. पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. पाठीमागे बंबासारखा एक भलामोठा डबा, त्यात कोळसा पेटवायचा, आणि तो पुरता पेट घेईपर्यंत उतारूंनी आपापल्या मुलाबाळांची चौकशी करत बसायचं. सपाटीला मोटार बरी पळते. चढ आला की तिचा दम जातो. संकेश्वर सोडून बरंच पुढे आल्यावर, तवंदीच्या घाटाआधी, एका चढावर ती जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर खाली उतरून बंब ढवळू लागला. बाकीच्या पुरुषांनी ढकलायचं ठरलं. मीही खांदा लावला. मोटार हलली नाही. माझ्या कोटाला मात्र काजळीचा पंजा उमटला. धुवूनही तो गेला नाही.

जवळच डोंगराच्या कुशीत जैनांचं क्षेत्र आहे, तिथे काही उतारू दर्शनाला गेले. मी झाडाखाली बसून राहिलो. वडील लहानपणी इथे नक्कीच आले असतील, हे तिथे बसल्यावर सुचलं. ते या रस्त्याबद्दल, या डोंगराबद्दल एक अक्षर कधी बोलले नव्हते.

दोनेक तासांनी बंबाने पेट घेतला आणि मोटार निघाली. घाट उतरून निपाणीत शिरलो तोच शिंका सुरू झाल्या. तंबाखूचा हंगाम होता. सगळ्या गावाला त्या पानाचा तिखट, ओलसर वास. पेठेत बैलगाड्यांची दाटी. तिथल्या माणसांना त्या वासाचं काहीच नसतं. मी एकटा नाकाला रुमाल लावून उभा, म्हणजे परका कोण ते लांबूनही कळावं.

वडिलांच्या गावाकडे जाणारी एक रिकामी गाडी मिळाली. गाडीवान दस्तगीरभाई, पिकल्या दाढीचे. माल पेठेत टाकून घरी परत निघाले होते. पाटलांच्या घरी जायचं म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पावणं जैन न्हाईत वाटतं?"

"नाही. मी ख्रिस्ती आहे, नगरच्या शाळेत मास्तर."

"मंजी ईसा अलैसलामची माणसं."

कुणी आमची अशी ओळख करून दिलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी विचारलं, "तुम्ही त्यांना मानता?"

"मानतो मंजी? मानावंच लागतंय. त्यांस्नी पैगंबर मानलं न्हाय तर मी मुसलमान कसला? बीबी मरियमचं नाव आमच्यात किती पोरींचं हाय बघा. माझ्या थोरल्या लेकीचंच हाय." त्यांनी बैलांना आवाज दिला. "पर तुमी त्यांस्नी अल्लाचा लेक म्हणता, तितं आमचं जमत न्हाय. अल्ला एकला. त्याला बायको न्हाय, पोर न्हाय."

"आणि त्यांना क्रुसावर दिलं, ते?"

दस्तगीरभाईंनी कासरा ओढला आणि मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखच होतं. "आसं बोलू ने, मास्तर. एवढा थोर पैगंबर, आन् त्याला खिळं मारून टांगला, आन् अल्ला वरनं बघत बसला? न्हाय. अल्लानं त्यांस्नी वर उचलून घेतलं. लोकांस्नी वाटलं मारला."

रविवारच्या शाळेत मी मुलांना क्रूस शिकवतो. माझा सगळा विश्वास त्या एका लाकडावर उभा आहे. आणि हा म्हातारा गाडीवान तेच नाकारत होता ते येशूबद्दलच्या आदरापोटी. येशूचा असा अंत झाला हे त्याला सोसतच नव्हतं. न मानणारी माणसं एक तर अज्ञानी असतात किंवा अडवलेली, असं मी बेळगावातून निघताना समजत होतो. ते गाडीच्या त्या तीन-चार कोसांतच डळमळू लागलं.

वेदगंगेकाठी

गावाचं नाव लिहीत नाही. घरच्यांना ते आवडणार नाही. नदीपासून जवळ, काळी जमीन, उसाचे आणि तंबाखूचे फड. पाटलांचं घर गावाच्या वरच्या अंगाला. सोप्यावर एक उंच, वाळलेले गृहस्थ दोरी वळत बसले होते. हे वडिलांचे धाकटे भाऊ भीमगोंडा. गाव त्यांना आप्पा म्हणतं. मी नमस्कार केला आणि नाव सांगितलं. वडिलांचं नाव पौलस न सांगता पायगोंडा सांगितलं.

त्यांनी दोरी खाली ठेवली. "दादा कवा गेला?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. पण तसं काही झाल्याशिवाय त्या घरी मी कशाला जाईन, हे त्यांना समजलं होतं. मी सांगितलं, पावसाळा सरता सरता. ते उठले, आत वळून म्हणाले, "वैनी, भाईर ये जरा."

गाव ज्यांना आक्का म्हणतं, त्या बाहेर आल्या. कोर्टातली ती लहानखुरी बाई आता पांढऱ्या केसांची, किंचित वाकलेली. हातात हिरव्या बांगड्या. आप्पांनी मला कोण ते सांगितलं आणि मग खाली बघून म्हणाले, "दादा गेला."

त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. "लई हाल झालं का?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

"नाही. शांतपणे गेले. प्रार्थना म्हणत होते."

"मग चांगलं झालं," त्या म्हणाल्या आणि न्हाणीकडे वळल्या.

आप्पा अवघडून म्हणाले, "वैनी, तुला सुतक लागत न्हाय. कोर्टानं कवाच..."

"कोर्टाला लागत नसंल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने न्हाणीतून डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हात मोकळे होते.

मला कुठे बसवावं, कुठे वाढावं, याची आत कुजबूज झाली असावी. शेवटी सोप्यावरच पाट मांडला. आमच्याकडे दिवेलागणीनंतर जेवायची सवय. इथे दिवस चांगला वर असतानाच ताटं आली. ज्वारीची पातळ भाकरी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, लोण्याचा गोळा, ताक. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी अशी चव की मी लाज सोडून जेवलो. आक्का चौकटीच्या आत बसून बघत होत्या.

"त्यो रातचं जेवायचा का रं?" त्यांनी एकाएकी विचारलं.

माझा घास हातातच राहिला. वडील अंधार पडल्यावर कधीही जेवत नसत. नाताळच्या जेवणालासुद्धा नाही. पोटाला सोसत नाही, असं सांगायचे. आणि प्यायचं पाणी ते स्वतः दुहेरी फडक्यातून गाळायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणायचे. मी आजवर ही दोन्ही कारणं खरी समजत होतो.

मी सांगितलं. आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय ते कळलं नाही. आप्पा मात्र उठून अंगणात गेले आणि बराच वेळ बैलांपाशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांबरोबर मळ्यात गेलो. वाटेत मी मनाशी जुळवाजुळव करत होतो, या माणसाला दूर ठेवून आक्कांशी एकटं कसं बोलायचं. शेवटी सरळच बोललो. वडिलांना काय वाटत होतं ते सांगितलं; कोर्टात आप्पा आक्कांच्या शेजारी बसले होते, तेही.

आप्पा बांधावर उभे राहिले. "दादाला आसं वाटायचं?"

"शेवटपर्यंत."

"बसलो व्हतो की. त्या गोऱ्या सायबाम्होरं बाईमाणूस एकटी कशी जाईल?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मीच तिला म्हटलं व्हतं, वैनी, जा. नवरा हाय. जातीतली माणसं काय म्हणतील ते मी बघतो. आमच्या आयनंबी म्हटलं, जा. दादा परत तर येत न्हाय, निदान दोघं एका जागी ऱ्हावा. तिच्या म्हायेरची माणसंबी आलती. ती उठली न्हाय. वर्साची मुदत दिली तवा परत सांगितलं. त्येच." मग म्हणाले, "तूच इचार तिला. मी मळ्यातच थांबतो दुपारपातूर."

मी एकटाच घरी परतलो. आक्का अंगणात उन्हाला पाठ देऊन ज्वारी निवडत होत्या. सुपातून एखादा किडा निघाला की त्याला न चिरडता पानावर घेऊन भिंतीकडेच्या सावलीत सोडायच्या. मी समोर जाऊन बसलो. निरोप जसा दिला होता तसाच सांगितला.

"बाबांनी विचारायला सांगितलंय, की अजून प्रभूकडे येता का."

सूप थांबलं. "आजून इचारतोय व्हय त्यो," त्या म्हणाल्या. एक जोंधळ्याचा दाणा बोटांत धरून फिरवत राहिल्या.

"तवा मला बोलता आलं न्हाय. त्यो सायेब, त्यो दुभाषी. मनात व्हतं, पर शब्द सापडना. मान हालवली. त्याला वाटलं, मी भ्यालेय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी भ्याले न्हवते रं. मला पटलं न्हवतं."

"काय पटलं नाही?"

"दवाखान्यातनं आला तवा ह्याच सोप्यावर बसून त्यानं सगळं सांगितलतं. येशू लई चांगला माणूस, ह्ये मला तवाच कळलं. मारणाऱ्यांस्नी क्षमा केली म्हणं. आमच्या मुनींचंबी त्येच. तितं माझं काय म्हणणं न्हाय. पर म्हणाला, त्यानं आपलं पाप आपल्या अंगावर घेतलं, त्याच्या रक्तानं आपुन धुवून निघालो. रक्तानं?" त्यांनी सावलीतल्या त्या पानाकडे हात केला. "आमी मुंगी दुखवत न्हाय. आन् एका माणसाचं रक्त सांडलं म्हणून मी चोख झाले, ह्ये मला आयकवना."

"पण त्यांनी ते प्रेमानं केलं, आक्का. कुणी जबरदस्ती केली नव्हती."

"प्रेमानंच केलं आसंल. मला पोर झालं न्हाय. पर झालं आसतं, आन् त्यानं म्हटलं आसतं, आय, तुझ्यासाठी मी मरतो, तर मी मरू दिलं आसतं व्हय? न्हाय म्हटलं आसतं. तसंच त्याला म्हणते. न्हाय बाबा. माझं मी केलंय, माझं मी फेडीन. एका जलमात न्हाय तर धा जलमात. तुझ्या अंगावर मला घालायचं न्हाय."

मला उत्तरं येत होती. मास्तर आहे, धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हीच उत्तरं देतो. माणसाचं कर्ज माणसाला फेडता येण्यासारखं नसतं, म्हणूनच कृपा हवी, वगैरे. मी तेही म्हणून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जसं एखाद्या पाहुण्याचं ऐकतात.

"आन् आणखी एक," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या बाला इचारलं, मग आत्तीचं काय? माझी सासू, ह्या दोघा भावांची आय. पाणी गाळून झालं की फडक्यावरचे जीव पुन्हा हिरीच्या पाण्यात सोडायला उन्हातानात हिरीपातूर जायची. ती तुमच्या येशूला मानणार न्हाय. ती कुटं जाणार? तर तुझा बा गप बसला. तू मास्तर हाईस. तू सांग."

आमच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात याचंही उत्तर आहे. ते मला पाठ आहे. त्या अंगणात ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

"न्हाय सांगता येत न्हवं? त्यालाबी आलं न्हाय. मी म्हटलं, मग मी तिच्याबरुबर ऱ्हाते. ती जाईल तितं." त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. "मला त्याचा राग न्हवता. त्याला तितं बरं वाटलं, जीव वाचला, त्यो गेला. पर त्याला खरं वाटलं म्हणून मला वाटाय पायजे, आसं आसतंय व्हय? त्याच्यासंगं जावं म्हणून जीव तुटत व्हता माझा. पर तितं जाऊन रोज हात जोडून खोटं बोलले आसते. त्ये मला जमलं नसतं. आन् त्यालाबी कळलं आसतं."

दोन सवालांना मानेने दिलेल्या नकाराचं सगळं बोलणं इतक्या वर्षांनी तिसऱ्या वेळी बाहेर पडलं होतं आणि ज्याच्यासाठी होतं तो ऐकायला उरला नव्हता.

मी विश्वास सोडून आलो, असं कुणी समजू नये. मी आजही दर रविवारी उपासनेला जातो आणि क्रुसापुढे मान झुकवतो. पण कुणी ख्रिस्ताकडे येत नाही म्हणजे त्याला कुणी अडवलं आहे किंवा त्याला कळलेलं नाही, हे वाक्य मला आता वर्गात म्हणता येत नाही. आक्कांना आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जास्त कळलं होतं. कळूनच त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि त्याची किंमत जन्मभर एकटीने दिली होती.

निघायच्या दिवशी आप्पांनी गाडी जुंपली. आक्का सोप्याच्या पायरीशी आल्या. मी वाकून नमस्कार केला. तर त्यांनीच माझ्यापुढे हात जोडले.

"आमच्यात वर्साला भादव्यातलं पर्व सरलं की क्षमा मागत्यात. ज्याला ज्याला आपुन दुखवलं, त्याची. दरसाल मी त्याचं नाव मनात घ्यायची. पर त्यो म्होरं नसायचा. आता तू हाईस. मी न्हाय म्हटलं, त्यानं त्याच्या जिवाला जे लागलं आसंल, त्याची क्षमा."

आमच्याकडे क्षमा मागायची ती देवाजवळ. माणसाने माणसाकडे अशी उभ्या उभ्या, कुणालाही मध्ये न घेता मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. मी "दिली" म्हटलं. मग मीही हात जोडले आणि म्हणालो, "बाबांच्या वतीनं मीही मागतो."

"ती मी तवाच दिली व्हती," आक्का म्हणाल्या. "जा आता. ऊन चढंल."

पुन्हा नगर

परतताना बेळगावाला न जाता कोल्हापूर-मिरजेवरून आलो. पाळकसाहेबांना दोन ओळी लिहिल्या, की त्या बाईंवर कुणाचंही दडपण नव्हतं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत होती. आवाज ऐकूनही ती उठली नाही. मी हातपाय धुऊन तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने तिकडच्या पिकापाण्याचं विचारलं, माझ्या कोटावरच्या काजळीचं विचारलं. सगळं विचारून झाल्यावर, हातातलं भांडं खाली न ठेवता, म्हणाली, "काय म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाल्या."

"आता. पण तेव्हा? मनातून यायचं होतं ना त्यांना?"

"नव्हतं, आई. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. दिरानं, सासूनं, सगळ्यांनी जा म्हटलं होतं. त्यांना पटलं नव्हतं, म्हणून त्या आल्या नाहीत."

आईचे हात थांबले. राखेने माखलेले ते हात तिने तसेच गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, बाबांसाठी तिला वाईट वाटतंय.

"लग्न झालं त्या दिवसापासून यांच्या डोळ्यांत मला दिसायचं," ती म्हणाली, "की ती यायला हवी होती, तिला येऊ दिलं नाही. आणि मी या घरात वावरायचे ती दुसऱ्या बाईच्या जागेवर बसल्यासारखी. इतकी वर्षं."

मग तिने पदराने डोळे पुसले. गालाला राख लागली.

"म्हणजे माझी जागा माझीच होती," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं घ्यायला वाकली.